विद्यापीठाचं अंदाजपत्रक आणि आपल्या घरातली प्राध्यापिका

मार्च महिना आला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेत अंदाजपत्रक मांडलं गेलं, इतक्या कोटींचं होतं, अमुक सदस्यांनी प्रश्न विचारले, तमुक मुद्द्यावर गोंधळ झाला. आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत ही बातमी वाचली जात नाही. पान उलटून आपण निधन वार्ता नाहीतर सोन्याचा भाव बघतो. आम्हीही अनेक वर्षं तेच करत होतो. आम्ही शाळेत शिकवणारे, विद्यापीठाचं राजकारण आम्हाला कशाला?

आमचं मत बदललं ते गावातल्याच एका मुलीमुळे. गडमुडशिंगीतून विद्यापीठ काही लांब नाही. दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांत माणूस पोहोचतो. तरीही आमच्या मोहल्ल्यातून तिथल्या वर्गापर्यंत पोहोचायला दोन पिढ्या गेल्या. ही मुलगी आमच्याकडे आठवीत होती. अब्बा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीवर, अम्मी घरी शिलाई करायची. मुलगी एम.ए. झाली, सेट पास झाली. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. आज ती जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते. लोक तिला 'मॅडम' म्हणतात. लग्नाच्या बोलणीत 'मुलगी प्राध्यापक आहे' असं अभिमानानं सांगितलं जातं. पण मागच्या दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, जूनपासून शिकवते आहे, अजून एक रुपया मिळालेला नाही. अब्बांना काय सांगू?"

ती सीएचबी आहे. म्हणजे तासिका तत्त्वावरची प्राध्यापक. तिचं उत्तर शोधता शोधता आम्हाला ती मार्चची बातमी वाचायला लागली.

आता हे प्रकरण थोडं सविस्तर समजून घेऊ, कारण यात दोन वेगवेगळे खिसे आहेत आणि आपण ते एक समजतो. पहिला खिसा राज्य शासनाचा. अनुदानित कॉलेजातल्या मान्यताप्राप्त प्राध्यापकांचा पगार विद्यापीठ देत नाही. तो उच्च शिक्षण विभागाकडून, विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत येतो. दुसरा खिसा विद्यापीठाचा स्वतःचा. त्यात परीक्षा शुल्क, कॉलेजांकडून येणारं संलग्नता शुल्क, वेगवेगळी फी, ठेवींवरचं व्याज असले पैसे असतात. अधिसभेत ज्यावर वाद होतो तो मुख्यतः या दुसऱ्या खिशावर.

म्हणून होतं काय, की प्राध्यापक संघटना म्हणते 'रिक्त जागा भरा', तर प्रशासन म्हणतं 'तो शासनाचा विषय'. संघटना शासनाकडे जाते, तर शासन म्हणतं 'वित्त विभागाची मान्यता हवी'. आणि ज्या गोष्टी खरोखर विद्यापीठाच्या हातात आहेत, उदाहरणार्थ पेपर तपासणीचं मानधन, प्रवासभत्ता, शिक्षक मान्यतेच्या फायली किती दिवसांत निघाव्यात, त्यावर बोलणं शेवटी राहून जातं. आमच्या गावाकडं म्हणतात तसं, घोड्यावरून भांडण आणि लगाम कुणाच्याच हातात नाही.

आपल्या भागात प्राध्यापकांची जुनी संघटना म्हणजे 'सुटा', अर्थात शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे प्राध्यापक तिचे सभासद. राज्य पातळीवर अशा संघटनांचा महासंघ म्हणजे 'एमफुक्टो'. विद्यापीठाच्या निवडणुकीत सुटा एका बाजूला आणि विकास आघाडी दुसऱ्या बाजूला असं चित्र आपण पाहत आलो आहोत. कायद्याने, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 प्रमाणे, अधिसभेवर कॉलेज शिक्षकांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी असतात, प्राचार्यांचे दहा, पदवीधरांचेही दहा. हे 'पदवीधर' म्हणजे कोण, ते पुढे सांगतो, कारण त्यात आपला संबंध आहे.

सुटा आणि एमफुक्टोचं नाव आपल्या घरांत पोहोचलं ते 2013 मध्ये, तेही वाईट कारणानं. 4 फेब्रुवारी 2013 पासून राज्यभर प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या होत्या सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीच्या, आणि 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या, नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांना सेवेचे लाभ देण्याच्या. बहिष्कार मे महिन्यापर्यंत चालला आणि उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर संपला. शासनानं त्यापोटी 71 दिवसांचा पगार रोखला आणि त्या पगाराची मागणी नंतर कित्येक वर्षं आंदोलनांच्या यादीत राहिली.

आमच्या शेजारचा एक मुलगा त्या वर्षी टी.वाय.ला होता. त्याच्या घरात प्राध्यापकांबद्दल जे शब्द वापरले गेले ते इथं लिहिता येणार नाहीत. पगार लाखाचा आणि पोरांचं वर्ष वाया घालवतात, हाच सूर. आम्ही स्वतः शिक्षक असूनही तेव्हा त्या घराच्या बाजूनं होतो, आणि आजही आम्हाला वाटतं की परीक्षा हे हत्यार शेवटचं असावं. गरिबाच्या मुलाचा एक महिना उशीर म्हणजे नोकरीची एक भरती हुकणं. फेब्रुवारी 2023 मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हाही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, आश्वासित प्रगती योजनेचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत होता. पण हॉल तिकीट हातात घेऊन बसलेल्या मुलीला तो जी.आर. कुठं माहीत असतो?

पण एक गोष्ट तेव्हा आम्हाला दिसली नव्हती. ज्यांच्या पगारावरून सगळा राग होता, ते वर्गात शिकवणाऱ्यांपैकी काहीच लोक होते. बाकीचे तासावर होते. त्यांना ना थकबाकी, ना वेतन आयोग, ना संपावर जायची सोय. ते संपावर गेले तर त्यांचा तास बुडतो, म्हणजे पैसेच बुडतात.

आता हिशेब करू. मार्च 2023 मध्ये शासनानं तासिकेचे दर वाढवले. पदवीच्या वर्गासाठी तासाला 900 रुपये आणि पदव्युत्तरसाठी 1000 रुपये झाले. ऐकायला बरं वाटतं. तासाला 900! मजुराला दिवसाला एवढे मिळत नाहीत. पण एका सीएचबी प्राध्यापकाला आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास मिळतात. सुट्टीचा तास मोजला जात नाही. गणपती, दिवाळी, ईद, परीक्षांचे आठवडे, निवडणूक, अतिवृष्टीची सुट्टी, सगळं वजा. वर्षात समजा खरे अध्यापनाचे 28 आठवडे हाती लागले आणि प्रत्येक आठवड्यात पूर्ण 9 तास मिळाले, तर 252 तास झाले. गुणिले 900, म्हणजे 2 लाख 26 हजार 800 रुपये. बारा महिन्यांवर वाटले तर महिना 18 हजार 900. हे सगळं सुरळीत चाललं तर. मुलाखत उशिरा झाली, वर्कलोड कमी निघाला, तर आकडा आणखी खाली.

याच वर्गात, त्याच विषयाला, त्याच अभ्यासक्रमावर शिकवणाऱ्या नियमित सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतनच 57 हजार 700 आहे. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. वर्षाचं नुसतं मूळ वेतन 6 लाख 92 हजार 400 होतं. युजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितलंय. म्हणजे एका जागेवर दोन सीएचबी बसवले की काम भागतं. दोघांचे मिळून साडेचार लाख. शासनाचे प्रत्येक रिकाम्या जागेमागे किती वाचले ते आपण काढू शकता. म्हणूनच जागा रिकामी राहणं हा निष्काळजीपणा आहे असं आम्हाला वाटत नाही. तो हिशेब आहे.

याच नियमावलीत असंही होतं की कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. आपल्या भागातल्या कुठल्याही कॉलेजात जाऊन स्टाफरूममध्ये हात वर करायला सांगा, किती नियमित आणि किती तासावर. जानेवारी 2025 मध्ये युजीसीनं नव्या नियमावलीचा मसुदा आणला, त्यात ही 10 टक्क्यांची मर्यादाच काढून टाकली होती. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा नियमच पुसलेला बरा, असा हा प्रकार.

संघटनेनं काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र नाइन्साफी होईल. सप्टेंबर 2018 मध्ये एमफुक्टोनं बेमुदत काम बंद आंदोलन केलं. रिक्त जागा, सीएचबीचं मानधन, जुनी पेन्शन, 71 दिवसांचा पगार असे मुद्दे होते. त्यानंतर नोव्हेंबर 2018 मध्ये शासनानं रिक्त जागांपैकी 40 टक्के जागा भरायला परवानगी दिली आणि तासाचे दरही वाढवले. सातव्या वेतन आयोगाचा जी.आर. 8 मार्च 2019 ला निघाला. पण भरती धड सुरू होते न होते तोवर कोरोना आला आणि 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयानं नोकरभरतीला पुन्हा कुलूप लागलं. ज्या मुली-मुलांचं तेव्हा वय तीस होतं, ती आता पस्तिशीच्या पुढं आहेत.

आमची तक्रार वेगळी आहे. मागण्यांच्या यादीत सीएचबीचा मुद्दा असतोच. पण वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसतं? नियमित प्राध्यापक. अधिसभेत शिक्षकांच्या मतदारसंघात मान्यताप्राप्त शिक्षकांचं वजन. ज्याची नेमणूकच एप्रिलमध्ये संपते आणि जुलैत पुन्हा मुलाखत द्यावी लागते, तो कुणाच्या विरोधात तोंड उघडणार? पुढच्या जुलैत त्याच लोकांसमोर खुर्चीवर बसायचं असतं. त्यामुळं यादीतली शेवटची मागणी पहिल्यांदा सोडली जाते. हे मुद्दाम होतं असं आम्ही म्हणत नाही, पण होतं.

परदेशातलं एक उदाहरण इथं सांगावंसं वाटतं. नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे 48 हजार जण संपावर गेले. त्यात नावाजलेले प्रोफेसर नव्हते. ते होते संशोधन करणारे विद्यार्थी, शिकवणीला मदत करणारे, पोस्टडॉक, म्हणजे तिथले सीएचबीच म्हणा. घरभाडं परवडत नाही, मूल झालं तर सांभाळायची सोय नाही, हे त्यांचे मुद्दे. जवळजवळ सहा आठवड्यांनी पगारवाढीचा करार झाला. तिथं टेबलावर ज्यांचं पोट अडकलं होतं तेच बसले होते. आपल्याकडं दिल्ली विद्यापीठात डिसेंबर 2019 मध्ये ॲडहॉक शिक्षकांच्या प्रश्नावर हजारो शिक्षक कुलगुरूंच्या कार्यालयावर धडकले, तेव्हा मंत्रालयाला दुसऱ्याच दिवशी खुलासा काढावा लागला होता.

आता प्रशासनाची बाजू. आम्ही काही कुलगुरूंचे वकील नाही, पण न्यायानं बघायचं तर त्यांचीही अडचण आहे. 18 नोव्हेंबर 1962 ला हे विद्यापीठ सुरू झालं, 853 एकरांचा परिसर आहे, 2021 मध्ये नॅकची ए-प्लस-प्लस श्रेणी मिळाली. हे सगळं सांभाळायला पैसा लागतो. सोलापूर 2004 मध्ये वेगळं झालं, म्हणजे एका जिल्ह्याची परीक्षा फी गेली. स्वतःचं उत्पन्न मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीमधून येतं. म्हणजे पेपर तपासणीचा दर वाढवायचा तर परीक्षा फी वाढवायची का? ती वाढ कुणाच्या खिशातून जाणार? आपल्याच. जुलै 2024 पासून शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ केली. चांगलंच झालं, आपल्या मुस्लिम ओबीसी जमातींतल्या मुलींनाही त्याचा फायदा आहे, त्यासाठी जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत काढा. पण माफ केलेली फी शासनानं संस्थांना भरून द्यायची असते, आणि शासनाकडून पैसा यायला वेळ लागतो हे कुठल्याही क्लार्कला विचारा. तोवर खर्च कसा भागवायचा हा प्रश्न प्रशासनापुढं खराच असतो.

तरीही काही गोष्टी अशा आहेत ज्यांना पैसा लागत नाही, किंवा फार थोडा लागतो. त्यावर आम्ही जास्त जोर देऊ, कारण आमच्या त्या मुलीचा प्रश्न तिथंच अडकला होता.

सीएचबीचं मानधन येतं कसं ते बघा. कॉलेज वर्कलोड काढतं, तो तपासला जातो, जाहिरात येते, मुलाखती होतात, निवड समितीचा अहवाल विद्यापीठाकडे जातो, विद्यापीठ मान्यता देतं, मग कॉलेज तासांचं बिल करतं, ते सहसंचालक कार्यालयात जातं, तिथं त्रुटी निघते, परत येतं, परत जातं. या साखळीत प्रत्येक टेबलावर फाईल आठवडा-आठवडा थांबली तरी दिवाळी उलटून जाते. आमच्या मुलीच्या बाबतीत फाईल कुठल्या टेबलावर होती ते तिला चार महिने कुणी नीट सांगितलं नाही. कॉलेज म्हणायचं वर गेली, वरचे म्हणायचे आलीच नाही. ती दर शनिवारी कॉलेजचे तास संपवून कार्यालयात जायची. एकदा तिच्यासोबत तिचे अब्बा गेले. त्यांनी फाउंड्रीतून अर्धी सुट्टी टाकली होती. परत आल्यावर म्हणाले, "आमच्या ठेकेदाराकडं सात तारखेला पगार होतो. हे तर कॉलेज आहे." त्यावर आम्ही काय बोलणार?

विद्यापीठानं मान्यतेसाठी दिवस ठरवून द्यावेत, प्रत्येक फाईल कुठं आहे ते ऑनलाइन दिसावं, त्रुटी असेल तर एकदाच सगळी सांगावी. यासाठी कुठलं कोटींचं अंदाजपत्रक लागतं? परीक्षेचा निकाल मोबाइलवर देता येतो तर मान्यतेचा क्रमांकही देता येईल. सुटानं आपल्या आंदोलनाच्या पहिल्या ओळीत हे घालावं असं आम्हाला वाटतं. थकबाकीची लढाई वर्षानुवर्षं चालते. ही लढाई एका सत्रात जिंकता येईल.

दुसरी गोष्ट कामाच्या ठिकाणच्या नियमांची. इथं आपल्या मुलींचा थेट संबंध येतो. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे फक्त पर्मनंट नाही. कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, सगळे त्यात येतात. म्हणजे तासावर शिकवणारी मुलगीही तक्रार करू शकते. ही गोष्ट तिला कुणी सांगत नाही. तिला वाटतं, आपण तर इथल्या नाहीच, जुलैपुरत्या आहोत.

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. नियमित प्राध्यापिकेला भरपगारी रजा मिळते. तासावरच्या मुलीला तास घेतला नाही तर पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. दिल्लीच्या अरविंदो कॉलेजमधल्या एका ॲडहॉक प्राध्यापिकेनं बाळंतपणाची रजा मागितली आणि तिची नेमणूक पुढं वाढवली गेली नाही. ती हायकोर्टात गेली आणि 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टापर्यंत जाणारी हजारात एक असते. आमच्या ओळखीत दोन मुलींनी लग्नानंतर सीएचबी सोडली आणि खासगी क्लास काढले. त्यांच्या सासरच्यांना आम्ही दोष देत नाही. महिन्याला हातात काहीच येत नाही अशा नोकरीसाठी रोज दोन बस बदलून कोण जाऊ देईल?

पोशाखाचा मुद्दाही टाळून चालणार नाही. चेंबूरच्या एका कॉलेजनं 2024 मध्ये हिजाब, नकाब, टोपीवर बंदी घालणारा ड्रेस कोड काढला. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थिनींची याचिका जूनमध्ये फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला अंशतः स्थगिती दिली. ते प्रकरण विद्यार्थिनींचं. पण त्याच वर्षी कोलकात्यातल्या एका खासगी लॉ कॉलेजात एका शिक्षिकेनं स्कार्फच्या मुद्द्यावरून राजीनामा दिल्याची बातमी देशभर गाजली. आमचं म्हणणं एवढंच की असे नियम तोंडी नसावेत. मुलाखतीच्या खोलीत कुणी हळूच 'हे चालणार नाही' म्हणतं आणि कागदावर काही नसतं, तेव्हा उमेदवाराला ना तक्रार करता येते ना उत्तर देता येतं. जो काही नियम असेल तो लेखी असू द्या, म्हणजे तो राज्यघटनेच्या चौकटीत बसतो का हे तरी तपासता येईल. 2016 च्या कायद्यात तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरणाची तरतूद आहे. प्राध्यापक संघटनेनं अशा प्रकरणात आवाज उठवला तर अल्पसंख्य समाजातल्या शिक्षकांनाही ती संघटना आपली वाटेल. आज त्यांच्यातले अनेक जण पावती फाडतात, पण बैठकीला जात नाहीत.

न्यायालयांकडून अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात निकाल दिला. वर्षानुवर्षं महिना 30 हजारांवर राबणाऱ्या या शिक्षकांना किमान वेतनश्रेणी द्या असा आदेश झाला. व्यासपीठांवर गुरूचे श्लोक म्हणून भागत नाही, गुरूला कसं वागवतो ते महत्त्वाचं, अशा आशयाचं न्यायालय बोललं. समान कामाला समान वेतन हे तत्त्व 2016 मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यातही मान्य झालं होतंच. आपल्याकडच्या तासावरच्या नेमणुकांची रचना वेगळी आहे, त्यामुळं तो निकाल जसाच्या तसा इथं लागू होईल असं समजू नका. पण सुटाच्या वकिलांच्या हातात आता एक मजबूत कागद आहे.

घरात बसून आपण काय करायचं? अनेक पालक आम्हाला विचारतात की सर, मग मुलीला एम.ए. करू द्यायचं की नाही? त्यापेक्षा नर्सिंग, त्यापेक्षा डी.फार्म. आम्ही कुणाला खोटी उमेद देत नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली, तिच्यावर आपली कितीतरी मुलं पीएच.डी. करत होती. दरवाजे कमी झालेत हे खरं आहे. पण ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तिथं शंभर वर्षांनी आपण स्वतःच्या हातानं मुलीला वर्गातून काढून घ्यायचं हे आम्हाला पटत नाही. महाराजांनी तेव्हा नुसता हुकूम काढला नव्हता, त्यासाठी तिजोरीतून पैसाही ठेवला होता. आजच्या अंदाजपत्रकाकडंही त्याच नजरेनं बघायला हवं.

आता तो पदवीधरांचा मुद्दा. अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून जातात. नोंदणीकृत म्हणजे ज्यानं विद्यापीठाकडे अर्ज भरून मतदार यादीत नाव घातलंय तो. आपल्या समाजात आता प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरात बी.ए., बी.कॉम. झालेलं कुणीतरी आहे. यापैकी किती जणांचं नाव त्या यादीत आहे? आम्ही आमच्या गावात विचारलं तर पहिला प्रश्न आला, "सर, अशी यादी असते?" मागच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या, पाच वर्षांची मुदत धरली तर 2027 जवळच आहे. नोंदणीचा कालावधी जाहीर झाला की पदवी प्रमाणपत्राची प्रत काढून ठेवा. निवडणुकीला उभं राहायलाच पाहिजे असं नाही, पण मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न विचारता येतील. सीएचबीचं मानधन दर महिन्याला मिळावं म्हणून तुम्ही अधिसभेत काय बोललात? आणि आमच्या फीमधून जमा झालेला पैसा विद्यार्थी कल्याणावर किती आणि इमारतींवर किती गेला?

विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना इथलीच देणगी आहे. खेड्यातली गरीब मुलं त्यावर शिकून अधिकारी झाली. अशा योजनेला अंदाजपत्रकात दरवर्षी किती वाढ मिळते, हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आमची ती मुलगी अजून शिकवते आहे. तिचं बिल शेवटी निघालं, एकरकमी, फेब्रुवारीत. त्यातले अर्धे उसने फेडण्यात गेले, उरलेल्यातून तिनं धाकट्या भावाची डिप्लोमाची फी भरली. एप्रिलमध्ये तिची नेमणूक संपली. जुलैत पुन्हा जाहिरात येईल, पुन्हा तीच कागदपत्रं, पुन्हा तीच मुलाखत. सेटचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय, कारण दरवर्षी हाताळून त्याच्या कडा फाटायला लागल्या होत्या. परवा ती पदवीधर नोंदणीबद्दल विचारायला आली होती. स्वतःच्या अर्जाबरोबर गल्लीतल्या आणखी अकरा जणींची नावं तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणली होती.